एम४२ कॅमेरा आणि एक्स्टेंशन ट्यूब : अॅपर्चर फिरवूनही मीटरचा काटा हलत नाही

शेंगदाणी

कॅमेरा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, लेन्स सुपर-टाकुमार ५५ मिमी एफ/१.८, सोबत ७, १४ आणि २८ मिमीच्या तीन साध्या एम४२ ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या, ४२ मिमीच्या आट्यांच्या नळ्या. फिल्म एफपी४ प्लस, १२५ आयएसओवर. विषय आहेत वाळलेल्या शेंगा, बिया आणि पानांच्या शिरा. टेबलावर पांढरा कागद, बाजूने खिडकीचा उजेड, कॅमेरा ट्रायपॉडवर.

२८ मिमीची ट्यूब लावून मीटरचा खटका वर ढकलला की काटा १/६० ला मध्यावर येतो. पण अॅपर्चरची रिंग एफ/२ वरून एफ/१६ पर्यंत नेली तरी काटा जागचा हलत नाही. ट्यूब काढून लेन्स थेट लावली की मात्र तो व्यवस्थित हलतो.

अर्धा रोल कॅमेऱ्याच्या काट्यावर विसंबून काढला, रिंग एफ/११ वर ठेवून. उरलेला अर्धा हातातल्या मीटरने काढला. त्याने एफ/११ ला १/४ सेकंद सांगितलं होतं. पहिल्या अर्ध्यातल्या निगेटिव्ह घनतेला ठीक आहेत, पण बीच्या कडेवरची एक बारीक रेघ तेवढी स्पष्ट आहे आणि बाकी सगळं धूसर. दुसऱ्या अर्ध्यातल्या निगेटिव्ह जवळजवळ काळ्या. शिवाय काही फ्रेमच्या मधोमध फिकट गोल डाग दिसतो, तिथे कॉन्ट्रास्ट पडलेला आहे.

मीटर दुरुस्तीला द्यावं, की ट्यूबच चुकीच्या आहेत?

जुनंभिंग

मीटर चांगलं आहे, ट्यूबही चुकीच्या नाहीत. तुमची लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे एफ/१.८ वरच, राहते आहे. रोलच्या दोन्ही अर्ध्यांतल्या चुका या एकाच कारणाने झाल्या आहेत.

एम४२ च्या ऑटो लेन्सला मागच्या बाजूला एक बारीक पिन असते. स्पॉटमॅटिकमध्ये मीटरचा खटका ढकलला किंवा शटर दाबलं की आरशाच्या पेटीतली पट्टी पुढे येते, ती पिन दाबते आणि लेन्समधली अॅपर्चरची पाती रिंगवर लावलेल्या आकड्यापर्यंत मिटतात. पिन मोकळी असली की रिंग कुठेही असो, पाती उघडीच. साधी ट्यूब म्हणजे आटे पाडलेलं पोकळ नळकांडं. तुमची लेन्स २८ मिमी पुढे गेली, पट्टी मात्र होती तिथेच पुढे-मागे होते आहे. पिनेपर्यंत काही पोचतच नाही.

आता हिशेब लावून बघा. काट्याने एफ/१.८ चा उजेड मोजला, फोटोही एफ/१.८ लाच निघाला, म्हणून घनता बरोबर आली. पण निम्म्या आकाराच्या क्लोज-अपला, म्हणजे १० मिमीची बी फिल्मवर ५ मिमीची येत असेल तेव्हा, एफ/१.८ वर स्पष्ट दिसणारी खोली साधारण ०.६५ मिमी असते. एफ/११ ला तीच जवळपास ४ मिमी होते. तुमची ती बारीक रेघ म्हणजे हे ०.६५ मिमी. हातातल्या मीटरने एफ/११ धरून १/४ सेकंद सांगितलं, लेन्स प्रत्यक्षात एफ/१.८ वर होती. हा फरक पाच स्टॉपहून थोडा जास्त (दर स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा). ट्यूबमुळे स्टॉपभर उजेड कमी झाला तरी चार स्टॉप जादा प्रकाश पडलाच.

खात्री करून घ्या. लेन्स हातात घ्या, रिंग एफ/१६ वर, लेन्सवरचा ए-एम (ऑटो-मॅन्युअल) खटका ए वर ठेवा आणि मागून आरपार बघा. पाती उघडी दिसतील. नखाने पिन दाबा, ती झटकन मिटली पाहिजेत. मग पिन सोडून खटका एम वर सरकवा. आता पिनेला हात न लावताही पाती मिटलेली राहतील. पिन दाबल्यावर पाती सावकाश येत असतील किंवा त्यांच्यावर तेलाची चकाकी दिसत असेल तर लेन्स साफ करून घ्यावी लागेल, तो दोष वेगळा.

यापुढे ट्यूब लावली की खटका एम वर. फोकस करताना रिंग एफ/१.८ ला, मीटर आणि फोटो एफ/११ ला. ही अदलाबदल हातानेच करायची. आत पट्टी असलेल्या, कॅमेऱ्याचा दाब पिनेपर्यंत नेणाऱ्या ऑटो ट्यूबही असतात, त्या असतील तर ए चालतो. ज्या लेन्सला ए-एमचा खटकाच नाही, तिला साध्या ट्यूबवर काही इलाज नाही, ऑटो ट्यूबच लागतात. हेलिओस ४४-२ सारखी प्रीसेट लेन्स मात्र या कामाला फार सोयीची, कारण तिला पिनच नाही. एका रिंगने आकडा ठरवायचा आणि दुसरीने पाती मिटायची.

काळं कार्ड

निदान पटलं. पण खटका एम वर गेला की पुढची अडचण लगेच उभी राहणार आहे, म्हणून आधीच लिहितो. एफ/११ ला शटर १/४ च्या आसपास येईल, आणि १/१५ ते १/२ सेकंद हा टप्पा क्लोज-अपला सगळ्यात वाईट. आरसा वर आपटतो, त्याची थरथर विरायला सेकंदाचा काही भाग लागतो, आणि तुमचं एक्स्पोजर नेमकं त्या थरथरीतच संपतं. बारीक केसांना दुहेरी कडा येते. ट्रायपॉड कितीही जड असला तरी ही थरथर कॅमेऱ्याच्या आतूनच येते.

ऑलिंपस ओएम-१ किंवा निकोरमॅट एफटीएन मध्ये आरसा आधीच वर अडकवून ठेवता येतो. स्पॉटमॅटिकमध्ये ती सोय नाही. सेल्फ-टायमरनेही काही साधत नाही, कारण तिथेही आरसा शटरच्या क्षणीच उचलला जातो. बोटाचा धक्का टळतो एवढाच फायदा.

तेव्हा काळं कार्ड वापरा. शटर बी वर (दाबून धराल तोवर उघडं राहतं), कुलूप असलेली केबल रिलीज लावलेली. काळा, चकाकी नसलेला पुठ्ठा लेन्सच्या तोंडासमोर धरा, काचेला किंवा रिमला न टेकवता. शटर उघडून कुलूप लावा. दोन सेकंद थांबा, म्हणजे आरसा आणि ट्रायपॉड दोन्ही शांत होतील. पुठ्ठा बाजूला करा, मनात सेकंद मोजा, पुठ्ठा परत समोर आणा, मग शटर बंद करा. एक सेकंदाच्या आत हाताने नेमकं मोजता येत नाही, म्हणून एक्स्पोजर दोन सेकंद किंवा जास्त होईल असं जमवा. एफ/११ ला १/४ येत असेल तर तीन स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा राखाडी) फिल्टर लावला की दोन सेकंद होतात. या टाकुमारला ४९ मिमीचा फिल्टर बसतो.

सेकंदाच्या पुढे गेलात की फिल्म मंदावते, हे विसरू नका. इलफर्डच्या सूत्रात मोजलेल्या सेकंदांचा घात घेतात आणि एफपी४ प्लसला घातांक १.२६ धरतात. म्हणजे मीटरने २ सांगितले तर सुमारे २.४ द्या, ४ ला ५.७, आणि ८ ला जवळपास १४. एचपी५ प्लसला घातांक १.३१ आहे, तिथे ४ चे ६ च्या थोडे वर जातात.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. तो वर गेला की कॅमेरा काठीच्या टोकावर बसवल्यासारखा डोलतो.

शेंगदाणी

पिनेची चाचणी केली. ए वर पाती उघडी, पिन दाबली की मिटतात, एम वर आपोआप मिटलेली. तेल दिसत नाही. ट्यूब लावून एम वर ठेवल्यावर काटाही रिंगबरोबर हलू लागला. दोघांचेही मनापासून आभार.

दोन शंका आहेत. एफ/११ ला व्ह्यूफाइंडर इतका काळोखा होतो की काटा नीट दिसत नाही, आणि दिसला तरी दर वेळी थोडा वेगळ्या जागी थांबतो. अशा वेळी हातातलं मीटर वापरायचं तर ट्यूबसाठी किती स्टॉप वाढवायचे? आणि खोली एवढी कमी मिळते तर सरळ एफ/१६ च का वापरू नये?

रुपेरी कण

काटा वेगवेगळ्या जागी थांबतो त्याचं कारण बहुधा तुमच्या डोळ्यामागून येणारा उजेड. स्पॉटमॅटिकमध्ये उजेड मोजणारे दोन सेल आयपीसच्या दोन्ही बाजूंना बसवलेले आहेत. समोरून एफ/११ चा मंद उजेड येत असताना डोळा जरा लांब राहिला किंवा चष्म्याच्या कडेने खिडकी आत आली की तो उजेड सेलवर पडतो आणि काटा फसतो. निकाल येतो कमी एक्स्पोजरचा. शिवाय हे सेल मंद उजेडात सावकाश स्थिरावतात, म्हणून खटका ढकलल्यावर थोडा वेळ थांबायला हवं.

सोपी वाट अशी की मीटर एफ/४ ला बघा आणि पुढचं बोटांवर मोजा. एफ/४ ला १/३० आलं तर ५.६ ला १/१५, ८ ला १/८, ११ ला १/४. मोजताना डोळ्याभोवती हाताचा आडोसा धरा. या पद्धतीत ट्यूबसाठी वेगळं काही वाढवायचं नाही, कारण मीटरने लेन्समधून आलेला उजेडच मोजलेला असतो. वर पुन्हा स्टॉप वाढवणं ही नेहमी होणारी चूक आहे.

हातातल्या मीटरला मात्र ट्यूबची खबर नसते. तिथे आधी मोठेपण, म्हणजे फिल्मवरचा आकार खऱ्या आकाराच्या किती पट आहे ते, काढा. विषयाच्या जागी मिलिमीटरची पट्टी आडवी ठेवा आणि फ्रेमच्या रुंदीत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. ३६ ला त्या आकड्याने भागा. ७२ मिमी दिसले तर ०.५, ३६ दिसले तर १. व्ह्यूफाइंडर फिल्मवरच्या फ्रेमपेक्षा किंचित कमी दाखवतो, त्यामुळे उत्तर जरासं मोठं येतं, पण एवढ्याने काम अडत नाही. आता त्या आकड्यात १ मिळवा आणि वर्ग करा. जे येईल तितक्या पटीने एक्स्पोजर वाढवायचं. ०.२५ ला १.५६ पट, म्हणजे सुमारे २/३ स्टॉप. ०.५ ला २.२५ पट, म्हणजे एक स्टॉप आणि थोडं वर. १ ला ४ पट, म्हणजे पूर्ण दोन स्टॉप.

तुमच्या ५५ मिमीच्या लेन्सला अनंतावर ठेवून ७ ची ट्यूब लावली तर ०.१३ मिळतं, १४ ला ०.२५, २८ ला ०.५, आणि तिन्ही मिळून ४९ मिमीला ०.८९. लेन्सचं स्वतःचं फोकस ४५ सेंटिमीटरपर्यंत फिरवलं की ती आणखी साधारण ९ मिमी पुढे येते, म्हणून तिन्ही ट्यूब लावून तिथवर गेलात की प्रत्यक्ष आकाराच्या किंचित पुढेही पोचता.

आता एफ/१६. वापरू नका असं नाही, पण तो आकडा ट्यूबवर खरा एफ/१६ राहत नाही. लेन्स पुढे गेली की प्रत्यक्षात लागू होणारं अॅपर्चर त्याच (१ + मोठेपण) पटीने लहान होतं. निम्म्या आकाराला एफ/१६ म्हणजे एफ/२४, प्रत्यक्ष आकाराला थेट एफ/३२. एफ/३२ ला प्रकाशाच्या विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना तो पसरतो त्याने) प्रत्येक बिंदूची चकती ०.०४ मिमीच्या वर जाते, आणि ३५ मिमी फिल्मला आपण ०.०३ ही स्पष्टतेची मर्यादा धरतो. खोली वाढते, पण सगळंच थोडं मऊ होतं. पानाच्या शिरांसारख्या बारीक विषयात ते लगेच जाणवतं. माझ्या मते निम्म्या आकाराला एफ/११, फार झालं तर एफ/१६. प्रत्यक्ष आकाराला एफ/११ च्या पुढे जाऊ नये. तिथे खोली १.३ मिमीच मिळते, ते मान्य करूनच फ्रेम रचायची.

जुनंभिंग

विवर्तनाचं गणित बरोबर आहे, पण शेंगांसाठी मी तरी एफ/१६ सोडणार नाही. फुगीर शेंगेला ४ मिमी पुरत नाहीत, ६ मिमी लागतात, आणि धूसर पडलेली अर्धी शेंग बघण्यापेक्षा सगळीकडे थोडी मऊ झालेली बरी. सपाट पानाला मात्र एफ/८ सुद्धा चालेल, फक्त फिल्म पानाला समांतर हवी.

समांतर आणायला पातळी बघत बसू नका. पानाच्या जागी लहानसा सपाट आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघा. तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या मधोमध आलं की फिल्म आणि आरसा समांतर झाले. ट्यूबसकट प्रतिबिंब फारच धूसर वाटलं तर रिंग एफ/११ ला न्या, काळ्या वर्तुळाची कडा कळण्यापुरती स्पष्ट होते. मग ट्रायपॉडचं डोकं घट्ट करा आणि आरशाच्या जागी पान ठेवा.

फोकस करताना लेन्सची रिंग फिरवून काही हाती लागत नाही. ती फिरवली की फोकसपेक्षा मोठेपणच जास्त बदलतं. आधी मोठेपण ठरवा, मग सगळा कॅमेरा मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे-मागे करा. फोकसिंग रेल असेल तर उत्तम. नसेल तर विषय एका पुस्तकावर ठेवून पुस्तक सरकवा, तेही चालतं. व्ह्यूफाइंडरमधला फोकससाठीचा मायक्रोप्रिझमचा गोल ट्यूबवर लखलखतो आणि दिशाभूल करतो. त्याच्या बाहेरच्या सपाट मॅट भागावर बघा. बीवरचा एखादा केस निवडा आणि तो दोन्ही बाजूंनी धूसर होतो ती ठिकाणं शोधून त्यांच्या मध्यावर थांबा. इतक्या जवळ खोली पुढे-मागे जवळजवळ सारखी वाटली जाते. लांबच्या दृश्यातला एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे हा अंदाज इथे लावू नका.

आणखी एक. एफ/१.८ सारख्या मोठ्या तोंडाच्या लेन्स पाती मिटल्यावर फोकस किंचित सरकवतात. एफ/१.८ ला फोकस केल्यावर एफ/५.६ ला एकदा बघून घ्या.

खिडकीचा पडदा

मधल्या फिकट डागाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. तो ट्यूबच्या आतल्या चकाकीमुळे येतो. ५५ मिमीची लेन्स फ्रेमपेक्षा बरंच मोठं वर्तुळ आत टाकते. तुमचा पांढरा कागद फ्रेमच्या बाहेर सगळीकडे पसरलेला आहे, त्याचा उजेडही आत येतो, नळीच्या भिंतीवर आपटतो आणि फिल्मवर धुक्यासारखा पसरतो. लेन्स काढा, ट्यूब कॅमेऱ्यावरच राहू द्या आणि समोरून तिरप्या नजरेने आत बघा. काळा रंग असूनही भिंत राखाडी चमकताना दिसेल, विशेषतः जिथे आटे नाहीत त्या गुळगुळीत पट्ट्यावर.

इलाज दोन, आणि दोन्ही करा. ट्यूबच्या आत काळा मखमली चिकट कागद लावा, मागच्या कडेपासून दोन-तीन मिमी आत ठेवून, म्हणजे त्याचे तंतू आरशावर पडणार नाहीत. आणि पांढरा कागद फ्रेमपेक्षा बोटभरच मोठा कापा, त्याच्या भोवती काळा कागद ठेवा. सगळ्यात जास्त फरक या कापण्यानेच पडतो.

शेंगदाणी

कागद कापून व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं, नुसत्या डोळ्यालाही शेंगेवरचा काळेपणा गडद झालेला कळतो.

एक शेवटचं. काळ्या कार्डाऐवजी फ्लॅश वापरला तर? हातातल्या फ्लॅशचा गाइड नंबर (त्याची ताकद सांगणारा आकडा) मीटरमध्ये २० आहे, १०० आयएसओला. ऑटोची सोय नाही.

काळं कार्ड

चालेल, आणि थरथरीचा प्रश्नच मिटतो, कारण फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. शटर १/६० वर ठेवा. स्पॉटमॅटिकला कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश थेट बसवून उडवता येईल असा हॉट शू नाही, बाजूला दोन सॉकेट आहेत. तार एक्सच्या सॉकेटला लावा. एफपीच्या, म्हणजे जुन्या फ्लॅश-बल्बसाठीच्या, सॉकेटला लावली तर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश शटर उघडण्याआधीच उडतो आणि फ्रेम कोरी येते.

अॅपर्चर काढताना गाइड नंबरला फ्लॅश ते विषय या अंतराने भागा, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा (१ + मोठेपण) ने भागा. फ्लॅश ०.८ मीटरवर असेल तर २० भागिले ०.८ म्हणजे २५, आणि निम्म्या आकाराला २५ भागिले १.५ म्हणजे जवळजवळ १७. तेव्हा एफ/१६. एफपी४ प्लस १२५ ची आहे, तो तिसरा भाग स्टॉप जादा पडला तर निगेटिव्ह फिल्मला काही होत नाही. एफ/११ हवा असेल तर फ्लॅश १.२ मीटरवर न्या. अंतर फ्लॅशपासून मोजायचं, कॅमेऱ्यापासून नाही.

फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवू नका. निम्म्या आकाराला विषय लेन्सपासून साधारण १५ सेंटिमीटरवर असतो, त्यामुळे लेन्सची आणि ट्यूबची सावलीच त्याच्यावर पडते. लांब तारेने फ्लॅश बाजूला, खिडकी होती त्याच दिशेला, विषयापेक्षा थोडा वर धरा आणि समोरच्या बाजूला पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा उभा करा. पानाच्या शिरांना उठाव द्यायचा तर फ्लॅश इतका खाली आणा की उजेड पानावरून घासत जाईल. मात्र त्या वेळी पानाची जवळची कड आणि लांबची कड यांत बराच फरक पडतो, म्हणून फ्लॅश १.२ मीटरवरूनच ठेवा, जवळ आणू नका.

पहिल्या रोलला एकाच शेंगेच्या तीन फ्रेम काढा, एफ/११, एफ/१६ आणि फ्लॅश तसाच ठेवून एफ/८. गाइड नंबरचा छापलेला आकडा पांढऱ्या भिंतींच्या खोलीसाठी असतो, मोकळ्या किंवा काळोख्या खोलीत तो अर्धा ते एक स्टॉप कमी पडतो. तीन निगेटिव्ह शेजारी ठेवल्या की तुमच्या फ्लॅशचा खरा आकडा कळेल, आणि तो फ्लॅशच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.